ओढली की थांब

काजळरावांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच बरं होतं. कारखान्यात ते कोणी वापरत नसे. रबरात काजळी मिसळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्या बदल्यात काजळीही त्यांच्यात पुरेशी मिसळली होती: नखांच्या कडांत, कानांच्या पाळ्यांमागे, आंघोळ करून अंग पुसलेल्या टॉवेलात. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत बायकोने उशांचे पांढरे अभ्रे बोहारणीच्या गाठोड्याला लावले आणि गडद निळे शिवून घेतले. संसारात आपण केलेली ही एकमेव तडजोड, असं ती चारचौघांत सांगे. काजळराव मान डोलवत. त्यांनाही दुसरी आठवत नसे.

नुसत्या रबरातून वीज जात नाही. त्या बाबतीत रबर जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखं असतं. कितीही विनवा, ढिम्म. पण त्यात काजळी भरपूर मिसळली की काजळीचे कण एकमेकांना धरून रांगा लावतात आणि वीज त्या रांगांवरून पलीकडे जाते. रबर ओढलं की रांगा तुटतात, वीज अडखळते. किती अडखळली ते काट्यावर वाचायचं, म्हणजे रबर किती ताणलं गेलं ते कळतं. एवढ्याशा गोष्टीवर काजळरावांच्या खात्याचं पोट चालायचं. बुटाच्या नाडीएवढ्या रुंद काळ्या पट्ट्या ते बनवत. कोणी त्या खुर्चीच्या पाठीत बसवी, कोणी यंत्राच्या कोपरात.

गोम एकच होती. पट्टी ओढून जागच्या जागी घट्ट बांधली, तरी आतले कण स्वस्थ बसत नाहीत. चाचपडत, सरकत पुन्हा एकमेकांचे हात धरू पाहतात. पट्टी तसूभर हललेली नसते, पण वीज हळूहळू वाढते आणि काटा सरकत राहतो. नवी पट्टी तर फारच उतावीळ. म्हणून खात्यात रीत पडली होती. नवी पट्टी आधी बऱ्याच वेळा ओढायची आणि सोडायची, म्हणजे तिला वळण लागतं. मग ती बसवायची. आणि बसवल्यावर काट्याकडे ढुंकूनही न बघता थांबायचं.

ही रीत काजळरावांनीच घालून दिली होती. "ओढली की थांब," हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की खात्याबाहेर कोणी सिगारेट पेटवली तरी दुसरा ते वाक्य काजळरावांच्या आवाजात म्हणून दाखवी. काजळराव हसत नसत. त्यामुळे विनोद टिकून राहिला होता.

बायको कापड कापणारी होती. शिवणारी नव्हे, कोणी तसं म्हटलं तर तिला राग येई. "शिवणारा चुकला तर उसवतो. कापणारा चुकला की शर्टाचं पायपुसणं होतं." तयार कपड्यांच्या एका कारखान्यात ती लांब टेबलापाशी उभी राहून कात्री चालवी, तीही डाव्या हाताने. टेबलाची एक बाजू तिच्यासाठी वेगळी ठेवलेली होती. तिथले मुख्य कटर, ज्यांना सगळे मास्टर म्हणत, ते सांगत की बाई कापड कापत नाहीत, कापडच त्यांना वाट देतं.

तिला पक्षाघात झाला तो डाव्या अंगाला. पाय महिन्याभराने घासत का होईना चालू लागला. जिभेला तर धक्काही लागला नाही. काजळरावांच्या म्हणण्यानुसार पक्षाघातालाही माणसं ओळखता येतात. हात मात्र मिटला तो मिटलाच. बोटं तळव्यात वळून बसली. मांडीवर ती मूठ अशी पडलेली असे, जणू कोणाची तरी वस्तू तिच्याकडे सांभाळायला दिलीय.

घरी फिजिओथेरपीची बाई येऊ लागली. चांगली होती, वक्तशीर होती, आणि हाताची बोटं एकेक करून सरळ करताना तिला दया येत नसे, कारण दया आली तर बोटं सरळ होत नाहीत. बायकोने तिचं नाव जेलरबाई ठेवलं. तोंडावरच.

"चला, आज कैद्याला थोडं बाहेर काढू," जेलरबाई मूठ हातात घेत म्हणायची.

"कैदी निर्दोष आहे हो, बाई."

मग ओढणं सुरू व्हायचं. बायको रडत नसे. ती शर्टाचे भाग म्हणे. "पुढचा भाग, पाठ, बाही, कफ, कॉलर, खिसा..." खिशापाशी आवाज चिरकला की काजळराव तिचं मनगट आणखी घट्ट धरत, कारण तेच काम त्यांना दिलेलं होतं.

जेलरबाईने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ती काही महिने प्रयत्न करणार. तोवर बोटात स्वतःहून थोडीही हालचाल आली, तर जोर लावून पुढे जायचं. नाहीच आली, तर उगाच छळायचं नाही. डाव्याचा नाद सोडून उजव्या हाताला शिकवायचं. बायकोला हे पटलं होतं. "उजव्याला इतकी वर्षं बसवून पोसलंय," ती म्हणाली, "आता लागू दे कामाला." रद्दीतली वर्तमानपत्रं घेऊन ती उजव्या हाताने कापायला बसू लागली. मास्टरांनीही निरोप धाडला होता: कापडाचं नाही, पण कागदी पॅटर्न कापायचं बैठं काम आहे, या सावकाश.

काजळरावांना हे पटलं नव्हतं. त्यांना डावा हातच हवा होता. तिला हवा होता त्याहूनही जास्त, ही त्यातली अडचण.

त्यांनी एक जुना हातमोजा कापला, तर्जनीच्या पाठीवर काळी पट्टी बसवली, तारा काढल्या आणि काट्याचा एक डबा केला. हिशेब सरळ होता. बोट वळलेलं असलं की पट्टी ताणलेली राहणार. बोट केसभर जरी उघडलं, तरी पट्टी सैलावणार, वीज वाढणार आणि काटा उजवीकडे जाणार. डोळ्याला न दिसणारी हालचाल काट्याला दिसेल. पट्टी त्यांनी रीतसर वळण लावून आणली होती. दर वेळी मोजा चढवला की ते घड्याळाकडे बघत थांबत आणि मगच "हं" म्हणत. काटा कधीच हलला नाही. पट्टी चांगली होती. खरं बोलत होती.

जेलरबाईने ठरवून दिलेला शेवटचा दिवस आला. तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, ती दारात चपला घालून उभी होती, आणि नेमकी तेव्हाच पट्टी घामाने सुटली. काजळरावांनी घाईघाईने नव्या भेंडोळ्यातून दुसरी कापली, बोटावर ओढून घट्ट चिकटवली, तारा जोडल्या आणि म्हणाले, "एक मिनिट, बाई, एकदाच बघा."

"उघडा मूठ," जेलरबाई दारातूनच म्हणाली. "मनातल्या मनात उघडा."

"मनातल्या मनात माझा अख्खा तागा कापून झालाय," बायको म्हणाली.

आणि काटा सरकला. खुर्चीतून उठणाऱ्या थकल्या माणसासारखा, सावकाश, पण सरकला. उजवीकडे.

जेलरबाईने चपला काढल्या. ती आत आली, गुडघे टेकून बसली. "बाई, हे तुम्ही केलंत!"

"मी? मला तर काही कळलं नाही."

"नाहीच कळणार. हालचाल आधी येते, जाणीव मागून येते कधीकधी."

काजळराव स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. मग तोंड धुऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "चिमे, आईचं बोट हललं." पलीकडे तिच्या ऑफिसात कोणीतरी टाळ्या वाजवल्याचा आवाज आला.

ज्या माणसाने सगळ्या खात्याला थांबायला शिकवलं, तो त्या दिवशी थांबला नाही, हे वाचकांना दिसतंय. काजळरावांना दिसलं नाही. पुढच्या वेळी तीच पट्टी लावली तेव्हा काटा मेल्यासारखा पडून राहिला. तेव्हाही त्यांनी विचार केला, नाही असं नाही; त्यांनी असा विचार केला की पट्टी थकली. नवी कापून लावली. काटा सरकला! नवी पट्टी जास्त हळवी असते, सूक्ष्म हालचाल टिपते, असं त्यांनी जेलरबाईला समजावलं, आणि मग दर वेळी नवीच लावू लागले. आशेने माणसाची अक्कल जात नाही. ती जागेवरच असते, फक्त तिची बदली दुसऱ्या खात्यात होते.

आता ओढणं दुप्पट झालं. ओढून झालं की हात स्प्लिंटवर, म्हणजे हाताच्या आकाराच्या एका कडक फळीवर, पट्ट्यांनी सरळ बांधून ठेवायचा. तो दिवसभर ठणके. शर्टाचे भाग पुरेनात, तेव्हा बायको कोट म्हणू लागली. कोटाला भाग जास्त असतात. रद्दीची वर्तमानपत्रं तशीच पडून राहिली. मास्टरांचा पुन्हा निरोप आला तेव्हा तिने स्वतः सांगितलं, "थोडं थांबा, माझा हात येतोय." मास्टर थांबले. मग ऑर्डर आल्या, त्यांनी दुसरीला घेतलं आणि फोन करून फार वाईट वाटल्याचं सांगितलं.

"घेऊ दे की," बायको म्हणाली. "कागद काय कापायचा? मी येईन ती कापडावरच."

तिला आशा लावायला काजळरावांना खूप वेळ लागला होता. एकदा लागल्यावर मात्र ती त्यांच्याही पुढे गेली.

मग एके दिवशी खात्यात खुर्च्या बनवणारं एक गिऱ्हाईक आलं. साहेबांनी काजळरावांना पुढे केलं. काजळरावांनी नव्या भेंडोळ्यातली पट्टी चौकटीत अडकवली, ओढली, दोन्ही बाजूंनी चाप लावले आणि हात बाजूला घेऊन उभे राहिले. पट्टी निश्चल. काटा सावकाश उजवीकडे निघाला.

"कोणी हलवतंय का हो खालून?" गिऱ्हाइकाने वाकून टेबलाखाली पाहिलं.

याचं उत्तर काजळरावांकडे तयार असे. हजार वेळा दिलेलं. "कोणी हलवत नाही, साहेब. रबर आहे. ओढलेलं विसरायला त्याला वेळ लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, ओढली की..."

वाक्य तिथेच राहिलं. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी ते हळू आवाजात पुरं केलं आणि ते हसले. गिऱ्हाईकही हसलं. काजळराव काट्याकडे बघत होते. खुर्चीतून उठणाऱ्या थकल्या माणसासारखा तो उठत होता.

सुट्टीच्या दुपारी बायकोला डुलकी लागली तेव्हा त्यांनी काट्याचा डबा स्वयंपाकघरात नेला. बोटासारखं वाकलेलं असं घरात काय आहे ते शोधताना त्यांची नजर नळावर गेली. नळ धातूचा, वीज तिकडूनच पळेल, म्हणून त्याला आधी पायमोजा चढवला. मग नवी पट्टी कापून त्याच्या वाकलेल्या मानेवर घट्ट चिकटवली, तारा जोडल्या आणि स्टुलावर बसले.

नळ बोट उघडू लागला. न दुखता, न ओढता, शर्टाचा एकही भाग न म्हणता. जेलरबाई असती तर चपला काढून आत आली असती. नळाची प्रगती फारच समाधानकारक होती.

काजळरावांनी पायमोजा काढला, घडी केला, पुन्हा उलगडला. त्यांना त्या क्षणी आत जाऊन सांगायचं होतं. पण उठल्यावर बायको म्हणाली, "अहो, ऐका ना. आज मला जाणवलं. खरंच. या बोटात काहीतरी शिरशिरल्यासारखं."

"हो?" काजळराव म्हणाले.

"तुमचं यंत्र खोटं नाही बोलत हो."

मग त्यांच्याने सांगवेना. दोन दिवसांनी जेलरबाई आली. काजळरावांनी मनगट धरलं. जेलरबाईने बोटं ओढली. बायकोने कोट म्हटला, कॉलरपासून अस्तरापर्यंत, आणि अस्तरापाशी तिच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. तो पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. तिने काजळरावांची बाही पकडून ठेवली होती. काजळरावांचाही नव्हता.

त्या आठवड्याच्या अखेरीस मात्र त्यांना जेवण जाईना. दुपारी बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती, हात फळीवर बांधलेला. काजळराव समोर खुर्ची ओढून बसले.

"अगं, एक सांगायचंय."

"सांगा बाई एकदाचं. परवापासून चेहरा बघतेय, वरच्या मजल्यावरून गळती लागल्यासारखा."

त्यांनी सांगितलं. खात्यात नव्या माणसाला सांगत तसंच सांगितलं, कारण दुसऱ्या तऱ्हेने त्यांना येत नव्हतं. काजळीचे कण, त्यांच्या रांगा, ओढल्यावर तुटणं, मग हळूहळू जुळणं. नव्या पट्टीचा उतावीळपणा. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे बोट हललं नाही."

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"आणि मला जाणवलं ते?"

रबराबद्दल कोणी काही विचारलं तर काजळराव अडत नसत. हे रबराबद्दल नव्हतं.

"कळलं कधी तुम्हाला?"

"गिऱ्हाईक आलं होतं तेव्हा. मग खात्री करायला नळाला लावून बघितली."

"कशाला?"

"नळाला. स्वयंपाकघरातल्या. पायमोजा घालून."

"मग? हललं नळाचं बोट?"

"छान हललं."

ती हसली. खरोखर हसली, अर्ध्या चेहऱ्याने, अंग गदगदवून. काजळरावांनाही क्षणभर वाटलं की सुटलो. मग तिचं हसू थांबलं. गदगदणं थोडा वेळ चालू राहिलं.

"नळानंतर ती बाई येऊन गेली," ती म्हणाली.

काजळरावांची नजर फळीकडे गेली.

"मी कोट म्हणत होते. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत."

"हो."

"माहीत असून धरलं होतंत."

"तू म्हणालीस जाणवलं, म्हणून..."

"मी काय, मी म्हणेनच. मला कोणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला नाही, तो खाली आला. "चूक झाली, ती झाली. तुमचं डोकं माझ्या हातापायी फिरलं, मला कळत नाही का? मास्टरांचं काम गेलं, जाऊ दे. पण त्या दिवशी तरी सोडायचा होतात."

काजळरावांनी मान खाली घातली. खाली त्यांचे स्वतःचे हात होते, काळ्या कडांच्या नखांचे, धडधाकट. त्यांनी ते खुर्चीखाली घेतले.

"फोन द्या," ती म्हणाली.

"मी सांगतो बाईंना. माझी चूक आहे, मीच..."

"द्या म्हणते ना."

तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने नंबर लावला. घरात इतकी शांतता होती की पलीकडची घंटाही ऐकू येत होती.

"जेलरबाई, मी बोलतेय. नाही, बरी आहे. अहो, मी काय म्हणते, बस झालं आता. पुढच्या वेळेपासून येऊ नका. नाही हो, कोणी काही बोललं नाही... यंत्र? यंत्र छान आहे. मलाच नाही झेपत. वय झालं कैद्याचं." ती थोडं थांबली, पलीकडचं ऐकत. काजळरावांकडे न बघता पुढे म्हणाली, "आणि एक करा. आमच्या ह्यांच्याशी यावर काही बोलू नका. फार आस लावून बसलेत ते. मी सांगेन त्यांना सावकाशीने."

तिने फोन उशीखाली ठेवला.

"बाईंना कशाला कळायला हवं?" ती म्हणाली. "खात्यात तुम्हाला मान आहे." मग हनुवटीने फळीकडे खूण केली. "सोडा हे."

काजळरावांनी स्प्लिंटच्या पट्ट्या सोडल्या. मनगटाची, तळव्याची, मग बोटांवरची. कातडीवर त्यांचे लाल वण उठले होते. त्यांनी फळी हळूच खालून काढून घेतली आणि हात मोकळा झाला.

क्षणभर तो तसाच उघडा राहिला. मग करंगळी वळू लागली, तिच्यामागून अनामिका. ते दोघं बघत होते. कोणी ओढत नव्हतं, कोणी मोजत नव्हतं. इतक्या महिन्यांत तो हात आपणहून एवढ्या एकाच दिशेने हलत होता. तर्जनी सगळ्यांत शेवटी गेली. त्या वाटेत काजळरावांनी आपलं बोट ठेवलं असतं, तर ते मुठीत राहिलं असतं. त्यांच्या मनात आलं. पण विचारायला तोंड नव्हतं, आणि न विचारता हात लावण्याची सवय त्यांना आता परवडणार नव्हती.

मूठ पुरी मिटली. बायकोने उजव्या हाताने ती उचलली, छातीशी धरली, आणि मग खाटेवर पलीकडच्या बाजूला, काजळराव बसले होते तिथून लांब, जपून ठेवली.